अंडे कुठले, कधीचे?

सुरतेत सुटी विकली जाणारी अंडी बहुधा 30 च्या ट्रेमधून उचललेली असतात. फार्मवरून निघताना सात ट्रेची, म्हणजे 210 अंड्यांची पेटी असते. तोवर माल कोणत्या शेडचा आणि कोणत्या दिवसाचा हे सांगता येते. घाऊक गाळ्यावर तडकलेली अंडी बाजूला काढून, आकार पाहून पेट्या पुन्हा भरल्या की ती माहिती पुसली जाते. भावाचा गोंधळ या व्यवसायाने 1982 मध्ये एनईसीसी (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) स्थापून बराचसा आवरला. माल मूळ कुठला, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याची किंमत किती, हे सुरतेच्या शेजारीच दिसले. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातील पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला. नवापूर सुरत-धुळे महामार्गावर, गुजरातच्या हद्दीला इतके चिकटून, की रेल्वे स्थानकही दोन राज्यांत विभागलेले आहे. लगतच्या, तेव्हा सुरत जिल्ह्यात असलेल्या उच्छल तालुक्यातही लागण आढळली. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पण खप कोसळला तो देशभर. बाधित पट्ट्यापासून दूरच्या फार्मलाही आपला माल तिकडचा नाही हे गिऱ्हाइकाला दाखवण्याची सोय नव्हती. 2021 मध्ये रोग नवापुरात परतला. याउलट 2017 मध्ये नेदरलँड्समध्ये अंड्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडले, तेव्हा सरकारने बाधित फार्मचे क्रमांक जाहीर केले आणि लोकांनी घरच्या अंड्यावरचा शिक्का ताडून पाहिला. घबराट तिथेही झाली, पण टाकायचे काय ते कळत होते.

औषधांचे अवशेष हा अधिक नाजूक भाग. मांसासाठीच्या ब्रॉयलरला औषध दिले तर विक्री काही दिवस पुढे ढकलता येते. लेअर मात्र जवळपास रोज अंडे घालते. बलकाचा मोठा भाग अंडे पडण्याआधीच्या सुमारे दहा दिवसांत थराथराने साठतो, पांढरा काही तासांत चढतो, कवचाला सुमारे 20 तास लागतात. म्हणून औषध बंद केल्यावर आठवड्याने आलेल्या अंड्यातही त्याचा अंश उतरू शकतो. प्रतीक्षाकाळ पाळणे याचा अर्थ तेवढ्या दिवसांची अंडी विक्रीतून काढणे, आणि नेमके हेच नुकसान टाळण्याचा मोह होतो. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर 2019 पासून पशुपालनात बंदी आहे. डिसेंबर 2025 मध्ये अंड्यांतील नायट्रोफ्युरानवरून गदारोळ उठला, तेव्हा अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयने स्पष्ट केले की हे औषध कोंबडीपालनाच्या कोणत्याही टप्प्यावर चालत नाही, 1.0 मायक्रोग्रॅम प्रतिकिलो हा आकडा केवळ कारवाईसाठी आहे. त्याला वापराची मुभा समजणारे अजूनही भेटतात.

जंतूंचा धोका वेगळा. साल्मोनेला विष्ठेतून कवचावर येतो. त्याचा एक प्रकार बीजकोशातूनच अंड्यात शिरतो, मग कवच कितीही स्वच्छ असो. सुरतेच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात, बंद टेम्पोत तो झपाट्याने वाढतो. गार केलेली अंडी उघड्यावर आणली की कवचावर पाणी सुटते आणि जंतूंना छिद्रांतून आत जायला वाट मिळते; म्हणून थंड साखळी अर्ध्यावर तोडणे ती नसण्याहून फारसे बरे नाही. पूर्ण शिजलेले अंडे निर्धोक असते. पण सुरतेच्या लारीवर किसलेल्या उकडलेल्या अंड्यांच्या ‘घोटाळा’ या पदार्थात शेवटी हाफ फ्राय कालवतात, आणि तो बलक ओलाच राहतो.

ग्राहक यातले काहीच पाहू शकत नाही. पाण्यात अंडे तरंगले तर ते जुने एवढेच कळते. गडद बलक खाद्यातील मका वा झेंडूच्या अर्कामुळे येतो, तपकिरी कवच जातीमुळे. महागड्या खोक्यावरच्या ‘फार्म फ्रेश’ला तर काहीच अर्थ नाही. उपयोगी पडतो तो फार्मचा क्रमांक, अंडे घातल्याची तारीख आणि त्या तारखेशी जुळणारी शेडची औषधवही. युरोपीय संघात 2004 पासून शिक्का प्रत्येक अंड्यावर असतो. इथे सुरुवातीला ट्रेवर पुरेल, मात्र घाऊक गाळ्यावर वेगवेगळ्या फार्मचा माल एका ट्रेत भरणे थांबवावे लागेल. म्हणून हे काम व्यापाऱ्यांपासून सुरू व्हायला हवे, एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालून ते होणार नाही.