स्क्वांटोला इंग्रजी कुठून येत होतं?

नोव्हेंबरमध्ये लेक शाळेतून कागदी पिसांचा मुकुट घालून घरी आली. दुसरीत आहे. "आई, पिलग्रिम लोकांना खायला नव्हतं. मग स्क्वांटोने त्यांना मका लावायला शिकवला आणि सगळे मित्र झाले!"

मी सहज विचारलं, "अगं, पण स्क्वांटोला इंग्रजी कुठून येत होतं?" ती गप्प.

खरं उत्तर असं. त्याचं नाव तिस्क्वांटम, गाव पटक्सेट. १६१४ मध्ये थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला आणि आणखी काही जणांना फसवून जहाजावर चढवलं आणि विकायला स्पेनला नेलं. तिथून तो कसाबसा इंग्लंडला पोचला, भाषा शिकला. १६१९ मध्ये परत आला तर साथीच्या रोगाने अख्खं गाव मेलेलं. पुढच्या वर्षी मेफ्लॉवरचे प्रवासी त्याच ओस गावाच्या जागी वसले. तेच प्लिमथ.

हे मी तिला सांगितलं. रडली नाही, घाबरली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे त्याची आई पण नव्हती?" मुलांना कळतं हो.

"लहान आहेत, मोठेपणी शिकतील" असं बरेच पालक म्हणतात. वयाचा विचार हवाच. १६७६ मध्ये मेटाकॉमचं शिर प्लिमथमध्ये खांबावर लावलं होतं, हे मी सात वर्षांच्या मुलीला सांगणार नाही. पण तपशील गाळणं वेगळं आणि खोटं शिकवणं वेगळं. तो पिसांचा मुकुटसुद्धा पश्चिमेकडच्या मैदानी जमातींचा, वाम्पानोआगांचा नव्हेच!

दुसरी भीती अशी की मुलं देशाचा द्वेष करतील. इथे न्यू जर्सीत आपण मुलांना हौसेने ट्रेंटनला नेतो. १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फातून डेलावेअर नदी ओलांडणारा वॉशिंग्टन शूर होताच. त्याच वॉशिंग्टनच्या फिलाडेल्फियातल्या घरातून १७९६ मध्ये ओना जज ही गुलाम तरुणी पळाली. त्याने तिला परत आणायचे प्रयत्न केले, पण ती शेवटपर्यंत हाती लागली नाही. दोन्ही खरं आहे आणि चौथीतल्या मुलाला दोन्ही पेलतं.

आपल्यापैकी जे महाराष्ट्रात शिकले, त्यांनी चौथीचं 'शिवछत्रपती' आठवावं. पुढचा किती इतिहास लक्षात आहे? पण अफझलखान, आग्र्याहून सुटका, बाजीप्रभू आजही तोंडपाठ. नवव्या वर्षी जे मनात बसतं ते जन्मभर राहतं. म्हणून तर प्राथमिकचा इतिहास सगळ्यात जपून शिकवायला हवा.

आणि आपण काय करतो? शाळेत गेलो की गणित आणि गिफ्टेड प्रोग्राम, बस्स. मीही तेच करत आले. इतिहास म्हणजे "त्यांचा", असं कुठेतरी मनात असतं. पण आपली मुलं इथलीच आहेत ना?

मी शिक्षिकेला साधं पत्र लिहिलंय, तक्रार नाही. मुकुटाऐवजी तिस्क्वांटमची पूर्ण गोष्ट सांगा. वाम्पानोआग आजही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात, हे सांगा. आपण राहतो ती जमीन लेनापे लोकांची होती, तेही सांगा.

तुमच्या मुलांना काय शिकवलंय, आज जेवताना विचारून बघा. आणि पुढच्या स्कूल बोर्ड मीटिंगला या. मी बोलणार आहे, पण एकटीचा आवाज पुरत नाही.