मोजमापाची वही

सीलबंद लिफाफा म्हणजे प्रामाणिकपणाची खूण, अशी माझी शाळकरी समजूत होती. आमच्या गावच्या शाळेच्या नव्या खोल्या दुसऱ्याच पावसाळ्यात गळू लागल्या आणि तिसरीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरू लागला, तेव्हा तिला पहिला तडा गेला. निविदा रीतसर निघाली होती. काम सर्वांत कमी दराच्या, अंदाजपत्रकाहून बरेच खाली उतरलेल्या ठेकेदाराला मिळाले होते. निविदेपुरता नियम कोठेच मोडलेला नव्हता!

माझे काका गवंडी आहेत. ते म्हणतात, "सिमेंटाचा भाव ठेकेदारासाठी उतरत नाही, मग गोण्याच उतरतात. पाणी मारायला माणूस ठेवला तर त्याची हजेरी द्यावी लागते. मग स्लॅब तशीच वाळते." कमी दराचे कौतुक करणाऱ्या आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे कोठे सापडत नाही.

शिवाय तिन्ही निविदा एकाच टेबलाशी बसून भरल्या असतील, तर स्पर्धा कसली? आता त्या संगणकावरून भरतात हे खरे. परंतु चहावर आधीच ठरलेला दर संगणकाला कसा कळावा?

आपले सारे लक्ष लिफाफा फुटेपर्यंत. माझ्या मते खरी राखण त्यानंतर हवी. झालेल्या कामाची नोंद अभियंता मोजमाप पुस्तिकेत करतो, आणि तिच्या आधारे बिल निघते. ही वही गावाला क्वचितच दिसते. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवून सरकारी कामांचे कागद लोकांपुढे वाचले, तेव्हा अपुरी इमारत कागदोपत्री पूर्ण असल्याचे उघड झाले. इमारत तर रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. दिसत नव्हता तो कागद.

तांत्रिक बाबी खेडुतांना काय कळणार, असे आमच्याच वर्गातला एक मित्र म्हणतो. पण २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने नागरिकाला कागदाच्या नकलाच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. वाळू चाळलेली आहे की नाही, हे खेडुताला नाही कळणार तर कोणाला?

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मी गेल्या महिन्यात त्या वहीच्या नकलेसाठी अर्ज दिला आहे. काकांना अक्षरओळख नाही. नक्कल आली की मी आकडे वाचीन आणि ते टेप लावून भिंत मोजतील, असे आमचे ठरले आहे.