व्यायामाला वेळ कोठून आणावा?

‘व्यायाम करायला हवा हे पटते हो, पण वेळ कोठे आहे?’ हा प्रश्न आजकाल इतक्या घरांतून ऐकू येतो की, तो प्रश्न न राहता उत्तरच होऊन बसला आहे. नोकरदार गृहस्थ कचेरीकडे बोट दाखवितो, गृहिणी स्वयंपाकघराकडे, तरुण मुलगा संगणकाकडे आणि निवृत्त आजोबा आपल्या गुडघ्यांकडे. यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. दिवसाचे तास चोवीसच, आणि ते कोणी ना कोणी आधीच वाटून घेतलेले असतात. म्हणूनच ‘इच्छा असली की वेळ आपोआप मिळतो’ हा उपदेश कानाला गोड लागला, तरी त्याने कोणाचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. तेव्हा या खेपेस आपण हा प्रश्न उपदेशाच्या नव्हे, तर हिशेबाच्या अंगाने पाहू.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही, याचे कारण त्या आपल्याहून अधिक निग्रही होत्या असे नव्हे. त्यांचा व्यायाम त्यांच्या दिवसातच मुरलेला होता. इंदूरचेच पाहा. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल यांचे भोंगे वाजत, तेव्हा हजारो कामगार पायी किंवा सायकलीवरून कामावर जात आणि पाळी संपेपर्यंत उभ्याने राबत. घरोघरी जाते होते, पाटा-वरवंटा होता, विहिरीचे पाणी शेंदावे लागे. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांनी कित्येकांची शरीरे अकाली झिजविली. पण हातपाय हलविण्यासाठी त्या माणसांना वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, हे खरेच. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तशा इतरही गिरण्या एकामागून एक थंडावल्या. जात्याच्या जागी गिरणी आली, पाण्याच्या जागी नळ आला, सायकलीच्या जागी स्कूटर आली. कष्ट गेले हे चांगलेच झाले. परंतु त्यांच्यासोबत देहाची हालचालही गेली, आणि तिची रिकामी जागा भरून काढण्याची व्यवस्था आपण केली नाही.

परंपरेची उणीव होती म्हणावे, तर तसेही नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झाक्यांच्या मिरवणुकीपुढे आखाड्यांचे पठ्ठे आजही आपले कसब दाखवीत जातात. पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे आयुष्य दिले, त्याला मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली राज्य क्रीडेचा मान दिला. अडचण एवढीच की, आपल्यापैकी बहुतेकांचा या परंपरेशी असलेला संबंध ओटल्यावर बसून ती पाहण्यापुरता उरला आहे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, २०२२ साली भारतातील सुमारे निम्मे प्रौढ आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. याच पाहणीत पुरुषांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे आणि स्त्रियांचे सुमारे ५७ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आपल्याला पुढे यायचे आहे.

बसून राहण्याचे मोल काय पडते, हे प्रथम ठळकपणे दिसून आले ते लंडनच्या बसगाड्यांत. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली एक साधी तुलना प्रसिद्ध केली. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढे-उतरे. दोघांची नोकरी एकाच गाडीवर. तरी हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत चालकांपेक्षा कमी आढळले. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासून दाखविले की, चालक मुळातच अधिक स्थूल असत. म्हणजे सारे श्रेय जिन्यालाच देणे बरोबर नव्हे. परंतु टपाल वाटणारे आणि टपाल कचेरीत बसून काम करणारे यांच्यातही तसाच फरक दिसला, आणि नंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला दुजोरा दिला. त्या वाहकांनी व्यायामासाठी वेळ काढला नव्हता, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. त्यांच्या कामानेच तो काढून घेतला होता.

आता मूळ हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेगाने. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम असावा. १५० मिनिटांना सातांनी भागले, तर रोजची बावीस मिनिटेही होत नाहीत. आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या कानी गेलेली दिसत नाही. सलग दहा मिनिटे व्यायाम झाला तरच तो जमेस धरायचा, ही पूर्वीची अट त्या वर्षी काढून टाकण्यात आली. पाच मिनिटांचा जिना आणि सात मिनिटांची पायपीट हीही आता हिशेबात मोजली जातात. तास-दीड तास मोकळा मिळेल तेव्हा आरंभ करू, असे म्हणणाऱ्याला ही सवलत पुरेशी आहे.

मग तरीही का जमत नाही? याचे उत्तर आपल्याच शहराने देऊन ठेवले आहे. स्वच्छतेच्या देशव्यापी सर्वेक्षणात इंदूर २०१७ सालापासून वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले. हे यश एखाद्या गांधी जयंतीला हाती झाडू घेऊन मिळालेले नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी गाणे वाजवीत गाडी दाराशी येते आणि घरातील प्रत्येकाला ओला कचरा कोणत्या टोपलीत नि सुका कोणत्या, हे ठाऊक असते. एवढ्या दोन गोष्टींवर तो डोलारा उभा आहे. आज कचरा द्यावासा वाटतो की नाही, असा विचार कोणी करीत बसत नाही. व्यायामाचेही असेच आहे. जो व्यायाम मनाच्या उत्साहावर सोडला, तो पंधरवड्यात सुटतो. जो एखाद्या ठरलेल्या वेळेला बांधला आणि ज्यात घरच्यांचा हात लागला, तोच टिकतो.

सवय जडायला किती दिवस लागतात, याचा एक अभ्यास लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी केला होता. तो २०१० सालच्या सुमारास छापून आला. रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाला नवी कृती जोडली, तर ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र विशेष बिघडत नाही, असेही त्यात दिसले. गावाला गेलो, पाहुणे आले, लग्नघर होते म्हणून दोन दिवस खंड पडला की ‘आता मोडलेच’ असे म्हणून सारेच सोडून देणाऱ्यांनी एवढे ध्यानात धरावे.

जोडायला प्रसंग कोणते? पहिला आपल्या भाषेतच आहे: शतपावली. जेवणानंतर शंभर पावले चालावीत, ही वडीलधाऱ्यांची शिकवण आपण जुनी म्हणून सोडली. ज्यांची रक्तशर्करा वाढण्याचा धोका होता अशा वयस्क मंडळींवरील एक छोटा अभ्यास अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही वेळच्या जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालण्याचा दिवसभराच्या साखरेवर सकाळी सलग पाऊण तास चालण्याइतकाच लाभ झाला आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर अधिक चांगली आटोक्यात राहिली. शंभर पावले मिनिटभरात संपतात. तेव्हा शतपावलीची सहस्रपावली करावी, इतकेच. माळव्याच्या रात्रींची कीर्ती ‘शब-ए-मालवा’ म्हणून गाइली जाते. ती केवळ सराफ्याच्या खाऊगल्लीसाठी खर्ची घालण्याचे कारण नाही.

दुसरा प्रसंग स्नानापूर्वीचा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले, संस्थानातील शाळांतून ते रुजविले आणि त्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. या व्यायामाला ना साधन लागते, ना जोडीदार, ना मैदान. एका सतरंजीएवढी जागा पुरते. संथपणे घातलेले बारा नमस्कार चार-पाच मिनिटांत होतात, आणि त्यांत दंड, पाठ, मांड्या या साऱ्यांना काम मिळते. ज्यांना जमिनीवर हात टेकणे शक्य नाही, त्यांनी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे, किंवा भिंतीला तळवे टेकून जोर काढावेत. आणि उद्वाहक कितीही सोयीचा असला, तरी निदान दोन मजल्यांपुरता तो विसरावा.

आता त्या ४२ आणि ५७ टक्क्यांकडे येऊ. आपल्या घरांतून पुरुष सकाळी नेहरू पार्कात किंवा मेघदूत उपवनात फिरायला गेला, तर तो त्याचा ‘नेम’ मानला जातो. त्याचा चहाही तो परतण्याच्या बेताने होतो. त्याच वेळी घरातील स्त्री बाहेर पडली, तर डबे, दूध, शाळेची रिक्षा आणि देवपूजा यांपैकी काहीतरी अडते. ‘दिवसभर घरात तिची धावपळ चालूच असते, तिला वेगळा व्यायाम कशाला?’ असेही वर ऐकविले जाते. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहिल्याने पाय दुखतात. त्याने हृदयाला किंवा हाडांना पुरेसा व्यायाम होत नाही. पूर्वी मंगळागौरीला फुगड्या, झिम्मा, पिंगा यांनी रात्र जागविणाऱ्या स्त्रियांच्या अंगी जो दम होता, तो ओट्याने दिलेला नव्हता. तिला वेळ मिळत नाही याचा खरा अर्थ असा की, तिचा वेळ घरातील इतर चौघांच्या सोयीने तुकडे होऊन गेला आहे. तो तिने एकटीने निग्रह करून परत मिळणार नाही. चौघांनी तो परत द्यावा लागेल. सकाळचा अर्धा तास चहा नि डबे कोण पाहील, हे ज्या घरात ठरले, त्या घरातील स्त्रीचा व्यायाम सुरू झालाच म्हणून समजा.

हे सारे कशासाठी? वजन काटेकोर राखण्यासाठी किंवा तारुण्य टिकविण्यासाठी म्हणाल, तर ती कारणे फार काळ पुरत नाहीत. खरे कारण अधिक निकडीचे आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या आपल्या जुन्या वस्त्यांतून फिरा. कितीतरी घरांची मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला आहेत आणि मागे दोघेच उरले आहेत. काही घरांत तर एकच. तिशीनंतर स्नायूंचे बळ दर दशकाला थोडे थोडे ओसरत जाते, आणि साठीनंतर ती उतरण अधिक तीव्र होते. ते ओसरणे रोज दिसत नाही. ते दिसते देवापुढे मांडी घालून बसल्यावर उठताना, न्हाणीघरात तोल जाताना, आणि पडल्यावर हाक मारायला घरात कोणी नसताना. ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितले. ज्यांना हातागुडघ्यांचा आधार फार घ्यावा लागला, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. आपले आपल्याला उठता येणे ही उतारवयातली मोठी दौलत आहे, आणि तिची शिल्लक चाळिशी-पन्नाशीतच टाकावी लागते. ज्यांची साठी उलटली आहे, त्यांनीही निराश होऊ नये. बेताच्या व्यायामाने स्नायू त्या वयातही बळ धरतात, हे सिद्ध झालेले आहे.

या बाबतीत इंदूरकरांना दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. होळकरांच्या निमंत्रणावरून १९२३ साली येथे आलेले कर्नल सी. के. नायडू छत्तिसाव्या वर्षी, १९३२ साली, भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले. ज्या वयात इतर खेळाडू आठवणी लिहायला घेतात, त्या वयात, म्हणजे १९५६-५७ च्या हंगामात साठी ओलांडल्यावर, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी करंडकाचे सामने खेळत होते. १९६७ साली इंदुरातच त्यांचे निधन झाले. नायडूंची प्रतिभा सर्वांना लाभत नाही. पण त्यांनी अंगाला पडू न दिलेला खंड तरी अनुकरणीय आहे.

पथ्ये दोन-तीनच. छातीत दुखणे, चालताना दम लागणे, मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास आरंभापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. पहिल्याच आठवड्यात अंग मोडून घेणाऱ्यांसाठी तो सल्ला आजही ताजा आहे. आणि सकाळच्या फेरीचा शेवट रोज पोहे-जिलबीच्या दुकानाशी होत असेल, तर फेरी चालू ठेवावी, पण जिलबी रविवारपुरती राखावी.

तेव्हा वाचकहो, आज रात्री जेवणे आटोपली की पाने उचलण्यापूर्वी एवढेच ठरवा: उद्यापासून कोणाची बावीस मिनिटे कोणत्या वेळी, आणि तेवढ्या वेळात त्याचे किंवा तिचे काम कोण करणार. ठरले की तो कागद स्वयंपाकघरात, दुधाच्या हिशेबाशेजारी लावून ठेवा.