विश्लेषण : कर्करोगाच्या पेशीच्या आतच पोकळी कशी तयार होते?

नव्या औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित पद्धती वापरण्याची मुभा अमेरिकेने २०२२च्या अखेरीस कायद्याने, तर भारताने मार्च २०२३मध्ये नियमांत बदल करून दिली. त्यामुळे प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कर्करोग पेशींचे महत्त्व वाढले. यातील काही पेशींच्या पोटातच पोकळी दिसते. ती का होते आणि तिचा अर्थ काय?

या पेशी कोणत्या?

‘एचटी-२९’ ही पेशीमालिका १९६४मध्ये ४४ वर्षांच्या महिलेच्या मोठ्या आतड्यातील गाठीपासून तयार झाली. तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यात किती शोषले जाईल, याच्या अंदाजासाठी ‘कॅको-२’ पेशी जगभर वापरल्या जातात. याही मूळच्या कर्करोगाच्याच.

पोकळी कशी बनते?

आतड्याच्या अस्तरातील पेशीला दिशा असते. वरची बाजू आतड्याच्या पोकळीकडे. तिच्यावर केसांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. खालची बाजू ऊतीकडे. वरच्या बाजूची प्रथिने पेशीतील सूक्ष्म पिशव्यांतून तिकडे पोहोचवली जातात. शेजारच्या पेशींशी नीट जोड झाला नाही किंवा ही वाहतूक बिघडली, तर पिशव्या आतच अडकतात आणि एकमेकींत मिसळतात. त्यांत क्षार ओढले जातात, पाठोपाठ पाणी शिरते आणि पोकळी फुगते. बाहेर असायला हवेत ते उंचवटे तिच्या आतल्या भिंतीवर दिसतात.

दोन पेशींतील पोकळी वेगळी?

हो. जेलमध्ये वाढवलेल्या कॅको-२ पेशी चेंडूसारखा गोळा करतात व मधोमध एकच पोकळी ठेवतात. ‘सीडीसी४२’ हे प्रथिन कमी केल्यास पेशीविभाजनाची दिशा चुकते आणि एकाऐवजी अनेक पोकळ्या होतात, असे २००८मधील संशोधनात दिसले.

रुग्णांशी संबंध काय?

‘एमवायओ५बी’ जनुकातील दोषामुळे काही नवजात बाळांना जन्मानंतर लगेच तीव्र जुलाब सुरू होतात. त्यांच्या आतड्यातील पेशींत अशाच पोकळ्या आढळतात. शिरेवाटे पोषण किंवा आतड्याचे प्रत्यारोपण हाच त्यांचा आधार असतो. कॅको-२ पेशींत हे जनुक दाबल्यावरही तशाच पोकळ्या दिसल्या. कर्करोगाची श्रेणी ठरवतानाही गाठीतील पेशी पोकळी असलेल्या ग्रंथी कितपत बनवतात, हे पाहिले जाते.

सावधगिरी कशासाठी?

औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिन आतल्या पोकळीत दडले, तर बाहेरून सोडलेले औषध तिथे पोहोचेलच असे नाही. प्रभावी औषधही मग निकामी ठरू शकते. म्हणूनच प्राण्यांना पर्याय शोधताना पेशी जिवंत आहेत एवढेच पाहून भागणार नाही. त्यांची दिशा बरोबर आहे का, हेही तपासावे लागेल.