सॅक्सोफोनवाल्याला नाव असते

गेल्या वैशाखातली गोष्ट. कर्जत तालुक्यातले आमचे कशेळे हे नाक्याचे गाव. खांडसकडे, भीमाशंकरच्या पायथ्याला जाणारे येथूनच जातात. लग्नसराईत दिवसाकाठी दोन-तीन वराती दारावरून निघतात. हल्ली बहुतेकींपुढे बेंजो पार्टी, नाहीतर डीजेची गाडी असते. त्या दिवशी मात्र जुन्या वळणाचा पितळी बँड होता आणि त्यात साठीतला एक गृहस्थ सॅक्सोफोन फुंकीत होता. गाणे 'आराधना'तले, शेकोटीपुढचे. वरात पाणी प्यायला थांबली, तेव्हा मी त्यांना विचारले, "मास्तर, हे कुणाचे हो?"

"राजेश खन्नाचे."

"तसे नव्हे. यातला सॅक्सोफोन कुणी वाजवलाय?"

"अहो, आता मीच नाही का वाजवला?"

उत्तर चोख होते. मी हसलो, आणि मग मनातल्या मनात खजील झालो. बँडमास्तरांना ते नाव ठाऊक नसावे, यात त्यांचा काय दोष? दोष आहे तो आम्हा लिहिणाऱ्यांचा. दिवाळीच्या फराळाबरोबर भांडण वाढतो आहे, याची वाचकांनी क्षमा करावी. परंतु हे भांडण फार दिवस शिंक्यावर ठेवलेले आहे.

१९६९ सालच्या त्या गाण्याचा गायक आम्हाला ठाऊक, संगीतकार ठाऊक, कवी ठाऊक, नायिकेच्या अंगावरचे वस्त्रदेखील ठाऊक! आणि ज्या वाद्याने त्या गाण्यात धग भरली, ते वाजवणारे मनोहारी सिंग? १९३१ साली कोलकात्यात जन्मलेला हा माणूस १९५८ च्या सुमारास मुंबईला आला आणि २०१० साली निवर्तला. मधल्या काळात त्याने किती नायकांच्या विरहाला आपला श्वास उसना दिला, त्याची गणती नाही. गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर याहून मासलेवाईक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात घातले. सारा देश ते नाव घोकू लागला, आणि तो खरा, हाडामासाचा माणूस आहे अशी शंकादेखील कुणाला आली नाही!

तरी ही सिनेमाच्या आश्रयाची माणसे. ज्याने जॅझचीच कास धरली, त्याचे काय? ब्राझ गोन्साल्विस हे गोव्यातल्या नेवऱ्याचे. 'अलबेला' (१९५१) मध्ये भगवानदादांच्या नाचामागे जो झालरीच्या बाह्यांचा ताफा दिसतो, तो चिक चॉकलेट यांचा. मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवादक, आमच्या सी. रामचंद्रांचे सहकारी. ब्राझ हे त्यांचे जावई. मुंबईत वाजवले, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर 'ब्लू फॉक्स'मध्ये लुई बँक्स यांच्यासंगे वाजवले, १९७८ साली मुंबईत सुरू झालेल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाच्या मंचावरही ते उभे राहिले. १९७० साली त्यांच्या सात जणांच्या ताफ्याची 'रागा रॉक' ही तबकडी निघाली. रागाचे स्वर घेऊन जॅझची बढत करायची, हा त्यातला विचार. तो पुढे फार बोकाळला. परंतु ब्राझनी तो हौसेखातर केला नव्हता. आपल्याकडचा गवैया आलाप करतो आणि जॅझवाला सूर फिरवून फिरवून घेतो, यांतले नाते त्यांना कानांनी कळले होते. जॅझमध्ये आजचे वाजवणे उद्या तसेच होत नाही. म्हणजे इतक्या वर्षांच्या रात्री हवेत विरल्या, हाती उरल्या त्या मोजक्या तबकड्या; आणि त्यांचीही आम्हाला पर्वा नाही.

लोक म्हणतील, ते वाद्य परके. ठीक. पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचा हक्क नोंदवला. त्याच पॅरिसमध्ये आदॉल्फ साक्सने १८४६ साली सॅक्सोफोनचा. एका गावची दोन भावंडे! थोरले भजनाला बसले, नाटकाच्या पडद्यापुढे बसले, आज त्याच्यावाचून आमची आरती अडते. (त्यालाही आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे दाराबाहेर ठेवले होते, हे आम्ही सोयीने विसरलो.) धाकटे तेवढे परके काय? मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांनी त्याच वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवले, तेव्हा २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरा आक्षेप हॉटेलचा. म्हणे ही दारूच्या टेबलांभोवतीची कला! मग बैठकीची लावणी कोणत्या देवळात वाढली?

तिसरा आक्षेप अधिक धूर्त आहे: त्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले, मिटले. गवंड्यालाही मजुरी मिळते. परंतु गवंड्याने बांधलेली भिंत दर सकाळी नव्याने विकली जात नाही. गाणे विकले जाते. १९९४ पर्यंत आपल्या कायद्यात वादकाला त्याच्या वादनावर हक्कच नव्हता. २०१२ साली मानधनातला वाटा आला, आणि त्याच दुरुस्तीत एक मेखही आली. चित्रपटात ज्याचे काम आनुषंगिक आहे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत न देण्याचा धंद्याचा रिवाज आहे, त्याला, कामाची मोडतोड झाल्यास तक्रार करण्यापुरते सोडून, कलावंत समजू नये! म्हणजे वादकाच्या कामाला उद्या कुणी आनुषंगिक ठरवले की झाले: नाव नाही म्हणून कलावंत नाही, आणि कलावंत नाही म्हणून नाव नाही. ज्या रिवाजाने अन्याय केला, त्यालाच साक्षीला बोलावायचे!

नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली या मुंबईकर जॅझवर इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले. मराठीत तसे माझ्या पाहण्यात नाही. दिवाळी अंकांत गायिकांवर पानेच्या पाने छापणाऱ्या संपादकांनी पुढल्या वर्षी एक लेख तरी वादकांवर मागवावा. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्यांनी व्यासपीठावरच्या सॅक्सोफोनवाल्याचे नाव, आणि मूळ वाजवणाऱ्याचेही, मोठ्याने सांगावे. त्याला पैसा लागत नाही.

बँडमास्तरांना मी मागाहून गाठले आणि फोनवर ब्राझ यांचे वादन ऐकवले. त्यांनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले. वरातीतली पोरे हाका मारीत होती, तिकडे लक्ष नव्हते. संपल्यावर म्हणाले, "परत लावा. हा माणूस दम कुठे घेतो, ते समजले नाही."