उतरत्या भट्टीचा स्वयंपाक

आमच्या पुतण्यानें गच्चीवर विटांची एक घुमटाकार भट्टी बांधिली, त्यास आतां दोन वर्षें होत आलीं. नेपल्स शहरीं ज्या भट्टींत पिझ्झा भाजतात, तिचीच ही धाकटी बहीण. तेथें ४३० ते ४८० अंश सेंटिग्रेडच्या तापांत पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. ती कला युनेस्कोनें २०१७ सालीं मानवजातीच्या वारशांत नोंदिली आहे. घरांतील विजेचा ओव्हन बहुधा २५० अंशांच्या आसपास थांबतो. फरक दुपटीहून कमीच. परंतु तापलेल्या भिंतींतून फेंकली जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढते, म्हणून ४५० अंशांची भिंत २५० अंशांच्या भिंतीच्या सुमारें साडेतीनपट उष्णता टाकते. हें गणित आम्ही जन्मभर फळ्यावर सोडविलें. म्हातारपणीं तें पोळीवर सोडवावें लागलें.

पहिल्या दिवशीं रोजची पोळी लाटून आंत सारली. ती फुगली खरी, पण बाहेर काढीपर्यंत तिचा एका अंगानें कोळसा व दुसऱ्या अंगानें पापड झाला. पातळ पदार्थांतील ओलावा या तापांत क्षणांत उडून जातो. कणीक सैल भिजवून जाड थापली, म्हणजे पोटांत वाफ धरते आणि वरून करपण्यापूर्वीं आंत शिजते. तेलाचें तर नांवच नको. शेंगदाण्याचें तेल २३० अंशांच्या आसपास धुरूं लागतें, हें ठाऊक असूनही आम्हीं एकदां तेलानें माखलेल्या वांग्यांचें ताट आंत लोटलें. भडका उठला व आमच्या उजव्या भिंवईचे केस गेले. नातवंडें अद्याप हंसतात.

धातुपाठांत पच् आणि भ्रस्ज् या दोन्ही धातूंचा अर्थ 'पाक' असाच दिला आहे. तो देणारे वैयाकरण अशा भट्टीपुढें कधीं उभे राहिले नसावेत.

पण उभें राहणें हेंच खरें दुखणें निघालें. आमचें घर तेरा माणसांचें. एक पोळी दीड मिनिटांत होते हें खरें, पण ती तत्क्षणींच खावी लागते. त्यामुळें बारा माणसें गरम गरम खात आहेत आणि तेरावें माणूस ज्वाळेसमोर घाम पुशीत आहे, असें सहा महिने चाललें. तें तेरावें माणूस म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. आम्ही स्वतः चवीची वर्णनें करण्यांत गुंग होतों. एके रात्रीं त्या म्हणाल्या, "भावोजी, तुमची भट्टी सगळ्यांना जेवूं घालते, मला मात्र ताटकळत ठेवते." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

तोडही त्यांनींच काढली. त्यांच्या माहेरीं, कोंकणांत, चुलीला वैल असे. चुलीवर भात, वैलावर वरण आणि शेवटीं आहारावर दुधाचें भांडें. "एवढा ताप चढवायचा आणि नव्वद सेकंदांत संपवायचा?" असें म्हणून त्यांनीं सारा क्रमच फिरविला.

आतां दोन तास लांकडें जाळून घुमटावरील काजळी जळून वीट पांढरी दिसूं लागली, कीं इंगळ बाजूस सारतात व प्रथम वांगीं जातात. तीं कोरडीं आणि टोंचे मारलेलीं असावींत, नाहींतर फुटतात. साल काळी होऊन गर लोण्यासारखा होतो, तेल-फोडणी मागाहून. त्यांच्यामागून सालीसकट कांदे (चातुर्मास नसेल तर), टोमॅटो आणि पानांसह मक्याचीं कणसें. तासाभरानें भट्टीच्या फरशीवर चिमूटभर पीठ टाकून पाहतात. तें लागलेंच काळें झालें तर थांबावें. सावकाश तांबूस झालें, कीं पावाचे गोळे व रताळीं आंत घालून तोंडाला लोखंडी झांकण लावतात. पाव निघाल्यावर भिजवलेल्या हरभऱ्यांची जाड हंडी, पुरेसें पाणी घालून, झांकण लावून रात्रभर. युरोपांतील यहुदी गृहिणी शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं आपलीं भांडीं गांवच्या पाववाल्याच्या भट्टींत ठेवीत, आणि शब्बाथच्या दिवशीं विस्तव न पेटवितां तें ऊन अन्न जेवीत. वहिनींस हें आम्हीं सांगितलें, तेव्हां "त्यांच्याकडेही तेरावी होतीच म्हणायची" एवढेंच त्या बोलल्या.

ज्यांस अशी भट्टी हवी असेल त्यांनीं ती उघड्यावरच बांधावी. बंद खोलींत लांकडाचा व कोळशाचा विषारी वायु जीवावर बेततो. नव्या भट्टीस आरंभीं कांहीं दिवस मंद विस्तवानें वाळवावें, नाहींतर वीट तडकते.

गेल्या रविवारीं वांगीं, पाव, रताळीं सर्व एकदमच पानांत आलें. वहिनी पहिल्या पंगतीस बसल्या. वाढावयास आम्ही होतों, आणि भरतांत मीठ घालावयाचें राहिलें होतें.