डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग

एखादी गोष्ट परदेशात गाजली की ती आपलीच होती हे आपल्याला एकाएकी आठवते. चरणजित सिंग यांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

हे गृहस्थ मुंबईचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे वाजवणारे. गाणे सर्वांच्या तोंडी आणि वादकाचे नाव कुणालाच ठाऊक नाही, त्या जमातीतले. १९८२ साली त्यांनी स्वतःच्या नावावर एक तबकडी काढली. ललित, तोडी, यमन, मालकंस, भैरवी असे दहा राग आणि खाली तबल्याऐवजी डिस्कोचा ठेका. सारे यंत्रांवर. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे होती: स्वरांसाठी ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. एचएमव्हीने काढलेली ही तबकडी चालली नाही. 'कुर्बानी'ने (१९८०) देशाला डिस्कोचे वेड लावले होते हे खरे. पण इथे ना शब्द, ना नायिका. आणि रागदारीचा श्रोता यंत्राकडे कशाला फिरकतो?

२०१० साली नेदरलँड्समधल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लहानशा कंपनीने ती पुन्हा काढली आणि युरोपात गवगवा झाला. कारण असे की १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळींनी त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड हाउस' नावाचे नाचाचे संगीत रूढ केले, आणि मुंबईची तबकडी त्याआधी पाच वर्षांची. झाले! शोध भारतीयांचाच, म्हणून आपण टाळ्या पिटायला मोकळे.

मला हा दावा पटत नाही. टीबी-३०३ हे यंत्र १९८१ साली निघाले ते एकट्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून. ते खपले नाही, १९८४ मध्ये बंद पडले आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या पोरांनी ते तिथून उचलले. एका पडेल यंत्राला दोन गावांत दोन निरनिराळी माणसे भेटली, एवढेच. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींड ऐकत वाढलेल्या कानाने ती कशी वापरली, हे ऐकण्यात खरी गंमत आहे. पण युरोपवाले तबकडीत आपल्या संगीताचा आजोबा शोधतात, आपण प्रशस्तिपत्रक शोधतो. ललित मात्र कुणीच ऐकत नाही.

आधी मी यावर कापसाचे उदाहरण लिहिले होते. आपल्या यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, पुढे साहेबाच्या गिरणीत. आणि कापड होऊन परत. दोन पाने झाली, मग फाडली. इथे यंत्रच बाहेरून आलेले आणि माल मुंबईत तयार झालेला. त्याला गिऱ्हाईक आपण झालो नाही, यात साहेबाचा काय दोष?

माझे चुलते लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवतात. वीस वर्षे वाजवताहेत. वरातीत त्यांनी वाजवलेले एकही गाणे कुठे नोंदलेले नाही. घरी दोन कॅसेटी होत्या, त्यांना बुरशी आली. जिल्ह्यातल्या बँजो पार्ट्या, भजनी मंडळे, डफवाले यांचीही गत हीच. स्नेहसंमेलनात डीजेसाठी आपण वर्गणी काढतो. त्यातली थोडी रक्कम बाजूला ठेवून दरवर्षी यांच्यापैकी चार जणांना महाविद्यालयात बोलवावे, रेकॉर्डिंग करावे आणि ते नाव-गाव-सालासह ग्रंथालयात ठेवावे, अशी माझी सूचना आहे. संगीत विभागाच्या सरांना हे शास्त्रीय वाटणार नाही कदाचित. न वाटो.

चरणजित सिंग २०१५ साली वारले. त्याआधी युरोपात जाऊन त्यांनी हेच राग तरुण पोरांपुढे वाजवले, हे बरे झाले.

दिवाळीत चुलत्यांना मोबाइलवर ती तबकडी ऐकवली. पाच मिनिटे बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोटं साफ हायेत याची. नाव लिवलं हाये का त्याचं वरतं?"

"हो, मोठ्या अक्षरात."

"मंग पुन्हा लाव बरं, भैरवी."